खऱ्या जीवाश्मांचा छंद : डायनासोर आणि पुरातन सरीसृपांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची नागपूरची. लग्नानंतर इंग्लंडला आले आणि गेली बरीच वर्षं डोर्सेटच्या किनाऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर राहते. हिवाळ्यात भरती-ओहोटीच्या वेळा पाहून समुद्रावर जायचं आणि दगडांत हाडं शोधायची, हा माझा छंद. भारतातून आणि इतर ठिकाणांहून मराठी मंडळी त्याबद्दल विचारत असतात. सुरुवात भाच्यापासून झाली. “मावशी, हा खरा आहे का? घेऊ का?” असा निरोप आणि सोबत एका दाताचा फोटो. मी विचारलं, “कुठला आहे?” तो म्हणाला, “दुकानातला.” तेव्हापासून तेच तेच प्रश्न येत गेले. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

दगड झालं म्हणजे मूळ हाड उरलंच नाही का?

उरतं. हाड मुळात बारीक छिद्रांनी भरलेलं असतं. प्राणी मेल्यावर चिखलात किंवा वाळूत लवकर गाडला गेला, की जमिनीखालचं पाणी त्या छिद्रांतून झिरपत राहतं आणि पाण्यातली खनिजं आत बसत जातात. हाडाचा स्वतःचा खनिज भाग पुष्कळदा टिकून असतो, त्यात ही भर पडते. म्हणून जीवाश्म हाड हातात घेतलं की आकाराच्या मानाने जड लागतं. मोडलेल्या बाजूवर दहापट मोठं दाखवणारं भिंग धरलं, तर अनारशाला पडते तशी जाळी दिसते. ती जाळी पहिल्यांदा पाहिली की माणूस या छंदातून सुटत नाही.

दाताचं वरचं आवरण, इनॅमल, हाडापेक्षाही टणक असतं. शिवाय या प्राण्यांचे दात आपल्यासारखे एकदाच पडत नसत. जुना पडला की खालून नवा, असं जन्मभर चालायचं. त्यामुळे सांगाडा क्वचित मिळतो, दात मात्र ढिगाने. बाजारात सगळीकडे दातच का दिसतात, त्याचं कारण हे.

माझ्याकडे मोसासॉरचा दात आहे. तो डायनासोरच ना?

नाही. मोसासॉर समुद्रात राहणारे सरीसृप होते आणि त्यांचं नातं घोरपडी-सापांच्या कुळाशी आहे. इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर हे आणखी दोन समुद्री सरीसृप, आणि उडणारे टेरोसॉर, हेसुद्धा डायनासोर नव्हेत. ‘डायनासोर’ हा गट रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये ठरवला. या गटातल्या प्राण्यांचे पाय मगरीसारखे बाजूला फाकलेले नसून खांबांसारखे सरळ शरीराखाली असतात. विक्रेते मात्र ‘डायनासोर दात’ म्हणून सगळं एकाच टोपलीत घालतात, कारण त्या नावाला गिऱ्हाईक येतं. मोसासॉरचा दात कमी प्रतीचा ठरतो, असं मात्र समजू नका. तो ज्या समुद्रातला आहे तो समुद्र ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या, डायनासोर ज्यात संपले त्या महासंहाराच्या थेट उंबरठ्यावरचा आहे.

खरा दात इतका स्वस्त कसा मिळतो? स्वस्त म्हणजे खोटाच असणार.

असं नाही. आज जगभर विकल्या जाणाऱ्या अशा दातांतला फार मोठा वाटा मोरोक्कोतून येतो. तिथल्या खुरिब्गा भागात फॉस्फेटच्या प्रचंड उघड्या खाणी आहेत. खतासाठी थरच्या थर खरवडले जातात आणि त्यांत मोसासॉरचे, शार्कचे दात अक्षरशः सांडलेले असतात. मोसासॉरचा साधा दात एका जेवणाच्या खर्चात मिळतो तो त्यामुळे. अशा दाताची नक्कल करण्यात कोणाला फायदा नाही.

दक्षिण-पूर्व मोरोक्कोत, सहाराच्या कडेला, केम केम नावाचे थर आहेत, साधारण साडेनऊ ते दहा कोटी वर्षांपूर्वीचे. तिथून स्पायनोसॉरस आणि कारकॅरोडोन्टोसॉरस या डायनासोरांचे दात येतात. स्थानिक माणसं टेकडीच्या कुशीत अरुंद बिळं खोदून, आडवं पडून, हाताने ते काढतात. काम जिवावरचं आणि हातात पडणारी रक्कम थोडी. एर्फूद या तिथल्या गावाच्या बाजारात तो दात येईपर्यंत तीन-चार हात बदललेले असतात. किंमत पाहताना ही साखळी मनात असू द्या.

मग खोटं असतं तरी काय, आणि ओळखायचं कसं?

पूर्ण खोटा दात फार कमी वेळा भेटतो. फसवणूक होते ती अर्धसत्याची.

माझाच अनुभव सांगते. छंद नवा होता तेव्हा एका प्रदर्शनात मी मोसासॉरचा जबडा घेतला. पिवळसर वाळूच्या ठोकळ्यात पाच दात ओळीने बसलेले. ‘जसा निघाला तसा आहे’ असं विक्रेत्याने सांगितलं होतं. घरी आणून धूळ पुसायला ओलं फडकं फिरवलं, तर फडक्यावर दगडच आला. मग परातीत पाणी घेऊन ठोकळा त्यात ठेवला. तासाभरात त्याच्या कडा भिजलेल्या बिस्किटासारख्या सुटल्या आणि परातीत वाळू व दुधाळ गोंदाचं पाणी उरलं. पाचही दात खरे होते. पण दोन जाडजूड, एक बारीक, दोन निराळ्याच घडणीचे; म्हणजे निदान तीन प्राण्यांचे. ते कोणत्या खाणीतून, कोणत्या थरातून आले, हे कायमचं पुसलं गेलं होतं. पैसे गेल्याचा राग उतरला, त्या पुसलेल्या पत्त्याचा अजून उतरलेला नाही.

तेव्हापासून मी जबड्यात आधी मुळं पाहते. मोसासॉरच्या दाताखाली हाडासारखं जाड, फुगीर मूळ असतं आणि ते जबड्याच्या हाडात रुतलेलं असतं. नकली ठोकळ्यात दाताचा वरचा भाग तेवढा वाळूत खोचलेला दिसतो, खाली हाड नाहीच.

स्पायनोसॉरसच्या दातात दुसरी युक्ती चालते. हा दात लांबट शंकूसारखा, त्यावर उभ्या बारीक रेघा, आणि कडेला करवतीसारखे दाते नसतात. मोठ्या दाताला भाव जास्त, म्हणून एका तुटक्या दाताचं टोक आणि दुसऱ्याचं बूड घेऊन मध्ये वाळू आणि गोंदाचा लेप भरतात. अशा दातावर बोट न फिरवता नजर फिरवा. उभी रेघ टोकापासून बुडापर्यंत सलग जाते का? मध्येच थांबते आणि खाली थोडी सरकून पुन्हा सुरू होते का? सरकली असेल तर तिथे सांधा आहे. भिंगातून त्या पट्ट्यात बारीक बुडबुडे दिसले तर तो लेपच. निसर्गाच्या हाडात बुडबुडे नसतात. अंधारात अतिनील प्रकाशाची टॉर्च मारली तर गोंद आणि रंग आजूबाजूच्या दातापेक्षा वेगळे चमकतात. नोटा तपासायला दुकानदार वापरतात तशी छोटी टॉर्चही चालते.

चीनमधल्या कायचौसॉरसबाबत (हातभरापेक्षा लहान, पालीसारखा दिसणारा समुद्री सरीसृप) तर विशेष सावध राहा. काळ्या पाटीवर उठून दिसणारा अख्खा सांगाडा पाहून मन लगेच भुलतं. त्यांत साच्यातून काढलेले, कोरलेले, नुसते रंगवलेले असे सगळे प्रकार आहेत. दोन ‘वेगवेगळ्या’ सांगाड्यांची शेपटी अगदी एकाच जागी मोडलेली दिसली, तर दोन्ही एकाच साच्यातले.

आणि तज्ज्ञही फसतात, हे विसरू नका. १९९९ मध्ये ‘आर्किओरॅप्टर’ नावाने गाजलेला चीनचा पक्षी-डायनासोर हा वेगवेगळ्या प्राण्यांचे भाग चिकटवून केलेला निघाला. एका नामांकित मासिकाने तो आधीच छापला होता.

जिभेला लावला की चिकटतो, म्हणजे खरा. हे बरोबर का?

अर्धवट. सच्छिद्र हाड ओली जीभ ओढतं हे खरं, पण सगळी जीवाश्म हाडं सच्छिद्र राहिलेली नसतात, आणि प्लास्टरसुद्धा जिभेला चिकटतं. त्यावर कोणता गोंद किंवा रसायन लावलंय हे माहीत नसताना ते तोंडात घालू नये. तापलेल्या सुईची परीक्षाही खऱ्या वस्तूवर करू नका, डाग राहतो.

डागडुजी केलेला नमुना म्हणजे खोटा का?

नाही. शेकडो मीटर खडकाखाली दबलेलं हाड अखंड निघावं ही अपेक्षाच चूक. तुटलेले तुकडे जोडणं वेगळं, नसलेला भाग घडवणं वेगळं, आणि दुसऱ्याचा भाग लावणं त्याहून वेगळं. पहिलं सर्रास चालतं. दुसरं सांगून केलं असेल तर चालतं. तिसरं सांगितलं नसेल तर ती फसवणूक. विकणाऱ्याला सरळ विचारावं: यातलं मूळ किती, जोडलेलं कुठे, भरलेलं कुठे? प्रामाणिक माणूस बोट ठेवून दाखवतो.

ब्राझीलमधल्या एका डायनासोरची कवटी विक्रीसाठी देखणी करताना व्यापाऱ्यांनी तिचं नाक लेप लावून लांबवलं होतं. ती साफ करताना संशोधकांना इतका मनस्ताप झाला, की १९९६ मध्ये त्यांनी त्या प्राण्याचं नावच ‘इरिटेटर’ ठेवलं.

तुम्ही प्रत्येक वेळी ‘कुठला आहे’ हेच का विचारता? हाड खरं असलं की झालं ना?

माझ्या लेखी खरेपणाचे दोन भाग आहेत. हाड खरं असणं, आणि त्याचा ठावठिकाणा खरा असणं. दुसरा भाग नसेल तर हातात एक सुंदर दगड उरतो, त्याची हकीकत उरत नाही. हे हट्टाने का म्हणते त्यासाठी स्पायनोसॉरसचीच गोष्ट ऐका.

जर्मन संशोधक अर्न्स्ट श्ट्रोमर यांनी इजिप्तमधल्या हाडांवरून १९१५ मध्ये या प्राण्याला नाव दिलं. ती हाडं म्युनिकच्या संग्रहालयात होती आणि एप्रिल १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली. उरली फक्त चित्रं, वर्णनं आणि काही फोटो. पुढे २००८ मध्ये निझार इब्राहिम या तरुण संशोधकाला एर्फूदमध्ये एका मिशीवाल्या माणसाने पुठ्ठ्याच्या खोक्यातली हाडं दाखवली. त्यांत एका चपट्या हाडाला आतून लालसर रेघ होती. पुढच्या वर्षी इटलीत मिलानच्या संग्रहालयात त्यांना एका सांगाड्याचे भाग दाखवले गेले, आणि तीच रेघ, तोच रंग तिथेही होता. म्हणजे दोन्ही एकाच खड्ड्यातले असणार. पण खड्डा कुठे? तो माणूस कोण? नाव नाही, पत्ता नाही, फक्त मिशी आठवते. २०१३ मध्ये ते पुन्हा मोरोक्कोला गेले, दिवसच्या दिवस शोधलं आणि आशा सोडून एका कॅफेत चहा पीत बसले असताना तोच माणूस समोरून चालत गेला. त्याने त्यांना वाळवंटातली ती जागा दाखवली. जागा कळल्यामुळे थर कळला, वय कळलं, उरलेली हाडं मिळाली, आणि २०१४ मध्ये स्पायनोसॉरस नव्याने जगापुढे आला.

एका माणसाच्या मिशीवर हे सगळं टांगलेलं होतं. त्या खोक्यात एक चिठ्ठी असती तर पाच वर्षं वाचली असती.

चिठ्ठीवर काय लिहायचं?

काय आहे, कुठे मिळालं (गाव, किनारा, खाण, जितकं नेमकं तितकं चांगलं), कोणता थर, तारीख, कोणी शोधलं, आणि विकत घेतलं असेल तर कोणाकडून. दुकानाची जुनी चिठ्ठी वेडीवाकडी असली तरी फेकू नका. चिठ्ठ्या सुट्या होतात, म्हणून नमुन्यावरही क्रमांक घाला. न दिसणाऱ्या बाजूला पांढऱ्या रंगाचा तांदळाएवढा ठिपका, तो वाळल्यावर बारीक पेनाने आकडा, त्यावर स्वच्छ वॉर्निशचा एक हात. तोच आकडा वहीत. माझी वही दोनशे पानी साधीच आहे. भाच्यालाही तशीच एक पाठवली.

डायनासोरचं अंडं विकत घ्यावं का?

नको. एवढं सरसकट ‘नको’ मी दुसऱ्या कशालाच म्हणत नाही. गोल दगडावर खऱ्या कवचाचे कपचे मोझॅकसारखे चिकटवून, फटींत माती भरून ‘अंडं’ करतात. निसर्गतः गोल झालेल्या दगडी गोळ्यांनाही अंडी म्हणून खपवतात. आणि खरं अंडं निघालंच, तर ते बहुधा चीन किंवा अर्जेंटिनातून नियम मोडून बाहेर आलेलं असतं.

आपल्याकडची गोष्ट मात्र सांगायला हवी. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात शेतात मिळालेले गोल दगड काही कुटुंबं ‘काकर भैरव’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पूजत होती. शेताचं, गुराढोरांचं रक्षण करणारा देव. संशोधकांनी पाहिलं तर ती डायनासोरांची अंडी. २०२३ च्या अखेरीस ही बातमी सगळीकडे आली. लोकांनी त्यावर गमतीने लिहिलं, मला तसं वाटलं नाही. त्या कुटुंबांनी ती अंडी जपली, जिथली तिथे ठेवली, कोणाला विकली नाहीत. भल्याभल्या संग्राहकांना एवढं जमत नाही.

कोणत्या देशातले नमुने घेऊ नयेत?

मंगोलियाचे अजिबात नाही. तिथे १९२४ पासून असे शोध सरकारी मालकीचे आहेत, त्यामुळे बाजारातला मंगोलियन डायनासोर चोरून बाहेर आलेलाच धरावा. २०१२ मध्ये न्यूयॉर्कला टार्बोसॉरसचा अख्खा सांगाडा दहा लाख डॉलरहून जास्त किमतीला लिलावात गेला. मंगोलियाने हरकत घेतली, अमेरिकन सरकारने न्यायालयात दावा लावला आणि २०१३ मध्ये तो सांगाडा मायदेशी परतला. ब्राझीलमध्ये १९४२ च्या हुकमाने जीवाश्म देशाची मालमत्ता आहेत. चीनने २०११ पासून नियम आणखी कडक केले. मोरोक्कोतून बाहेर नेताना सरकारी परवाना लागतो, तो विक्रेत्याकडे आहे का ते विचारा.

अमेरिकेत चित्र उलटं आहे. खाजगी जमिनीत सापडलेला डायनासोर जमीनमालकाचा, म्हणून मोंटाना आणि डकोटाच्या शेतांतले दात उघडपणे विकले जातात. संघराज्याच्या जमिनीवरून मात्र परवान्याशिवाय हाड उचलणं गुन्हा आहे. म्हणजे इथेही प्रश्न तोच, कुठल्या जमिनीतला?

स्वतः शोधायचं असेल तर कुठे जावं?

इंग्लंडला कोणाकडे येणं झालं तर डोर्सेटला लाइम रीजिस आणि चारमथच्या किनाऱ्यावर या. साधारण १९ ते २० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा चिखल तिथे कडा होऊन उभा आहे, आणि दर हिवाळ्यात वादळं तो कडा ढासळवतात. समुद्र ते ढिगारे धुतो. आपण नाही उचललं तर लाटा तेच हाड दळून टाकतात. म्हणून इथे खाली पडलेलं उचलायला मुभा आहे. कड्यात खोदायला मात्र परवानगीशिवाय मनाई.

हा मेरी ॲनिंगचा किनारा. १७९९ चा जन्म, घरची गरिबी. वडील सुतार आणि फावल्या वेळात जीवाश्म विकणारे, ते लवकर गेले. १८११ मध्ये भावाला इक्थिओसॉरची कवटी दिसली आणि पुढच्या वर्षी उरलेलं धड मेरीने शोधलं, वय जेमतेम बारा-तेरा. १८२३ मध्ये तिने काढलेल्या प्लेसिओसॉरची मान इतकी लांब होती, की पॅरिसचे नामांकित शरीररचनातज्ज्ञ क्युव्हिए यांना तो बनावट वाटला. खऱ्या-खोट्याचा हा वाद लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेत चर्चिला गेला. प्राणी खरा ठरला. ज्या संस्थेत तो वाद झाला, तिथे बाई म्हणून मेरीला प्रवेश नव्हता. तिने शोधून विकलेले नमुने आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या भिंतीवर आहेत. २०२२ मध्ये लाइम रीजिसला तिचा पुतळा उभा राहिला, सोबत तिचा कुत्रा ट्रे. तो १८३३ मध्ये तिच्या डोळ्यांदेखत दरडीखाली गेला होता.

दरडीचं एवढ्यासाठी सांगते, की ती आजही येते. कड्याच्या पायथ्याशी उभं राहू नका. ओहोटी सुरू असताना निघा आणि भरती फिरायच्या आत परत या. चिखल घट्ट दिसतो आणि मांडीपर्यंत आत घेतो.

माझा वहीतला क्रमांक १ तिथलाच. जानेवारी, दोन दिवसांच्या वादळानंतरची सकाळ, ब्लॅक व्हेन नावाच्या कड्याखालचा किनारा. तीन तास काहीच नाही, बोटं थंडीने बधिर. परत फिरताना गोट्यांमध्ये एक काळी चकती दिसली, कॅरमच्या स्ट्रायकरएवढी. उचलली तर अंगठा आपोआप एका खळग्यात बसला, आणि पलीकडून तर्जनी दुसऱ्या खळग्यात. दोन्ही बाजूंनी वाटीसारखा खोलगट. इक्थिओसॉरचा मणका असाच असतो, माशाच्या मणक्यासारखा. १९ कोटी वर्षांपूर्वी पोहणाऱ्या जनावराची पाठ मी चिमटीत धरली होती. तिथल्या तिथे वाळूत बसले आणि नवऱ्याला फोन लावला, पण बोलता येईना.

मोठं काही सापडलं तर?

चारमथच्या हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये दाखवा. वेस्ट डोर्सेटची जीवाश्म शोधणाऱ्यांसाठी आचारसंहिता आहे. विज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाचे नमुने तिथे नोंदवायचे असतात. नोंदवलं म्हणजे जप्त होतं ही भीती बाळगू नका. दगडात अर्धं अडकलेलं काही दिसलं तर ओढून काढू नका, आधी जागेसकट फोटो घ्या.

मे २०२० मध्ये सॉमरसेटच्या ब्लू अँकर किनाऱ्यावर ११ वर्षांच्या मुलीला आणि तिच्या वडिलांना जबड्याच्या हाडाचे तुकडे मिळाले. त्यांनी लगेच तज्ज्ञांना कळवलं. २०२४ मध्ये त्यावरून एका नव्या प्रचंड इक्थिओसॉरला नाव मिळालं, लांबीचा अंदाज २५ मीटरच्या आसपास. डोर्सेटमधल्याच किमरिज गावचे स्टीव्ह एचेस हे व्यवसायाने प्लंबर. चाळीसहून अधिक वर्षं गोळा केलेल्या त्यांच्या जीवाश्मांचं २०१६ पासून तिथे संग्रहालय आहे. या कामाला पदवी लागत नाही, नोंद लागते.

महाराष्ट्रात डायनासोर मिळतात का?

मिळतात, पण सह्याद्रीच्या काळ्या खडकात शोधू नका. तो लाव्हा आहे. लाव्ह्याखाली, विदर्भाच्या बाजूला, लामेटा नावाचे थर आहेत आणि त्यांत हाडं आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे ते तिथल्या अश्मीभूत शेणासाठी. ज्यांच्या नावाने नागपूरचं हिस्लॉप कॉलेज आहे, ते स्टीफन हिस्लॉप एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे गोळा करत होते. २००५ मध्ये या शेणात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडल्याचं जाहीर झालं. तोवर डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच असं धरलं जायचं. पाठ्यपुस्तकातलं चित्र बदललं ते शेणाच्या गोळ्याने, आणि तो गोळा पिसदुऱ्याचा आहे हे नक्की ठाऊक होतं म्हणून. तो थर महासंहाराच्या आधीचा, हे त्या जागेवरूनच कळलं.

गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यात प्राणहितेकाठी कोटा गाव आहे. त्याच्या नावाचे थर पलीकडे तेलंगणातही पसरले आहेत आणि तिथून बारापासॉरस टागोराय हा डायनासोर निघाला. ‘बडा पाय’ म्हणून बारापा, आणि खोदकामाला सुरुवात झाली ते टागोरांच्या जन्मशताब्दीचं वर्ष म्हणून टागोर. तो कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यानही आहे.

मग पिसदुऱ्याहून एखादा तुकडा आणता येईल?

आणू नका. पाहा, फोटो काढा, जागा टिपून घ्या आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला किंवा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. चारमथला समुद्र हाडं नष्ट करतो म्हणून उचलणं योग्य. पिसदुऱ्याच्या शेतात ती घाई नाही, आणि थोड्याच एकरांत उरलेल्या ठेव्यातून प्रत्येकाने एक-एक नेला तर काही वर्षांत रान मोकळं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा जपण्यासाठी विधेयकाचा मसुदा जाहीर केला होता. कायद्याची वाट न पाहता हे पथ्य आपण पाळू शकतो.

कोट्यवधींच्या लिलावांमुळे विज्ञानाचं नुकसान होतं का?

मोठ्या सांगाड्यांच्या बाबतीत होतं, असं माझं ठाम मत आहे. १९९७ मध्ये ‘सू’ नावाचा टी. रेक्स (टायरॅनोसॉरस रेक्स) ८३ लाख ६० हजार डॉलरना गेला, पण शिकागोच्या संग्रहालयाने तो घेतला म्हणून बरं झालं. २०२० मध्ये ‘स्टॅन’ हा दुसरा टी. रेक्स ३ कोटी १८ लाख डॉलरना, २०२४ मध्ये ‘एपेक्स’ हा स्टेगोसॉरस ४ कोटी ४६ लाख डॉलरना. हे आकडे कोणत्या संग्रहालयाला परवडणार? आणि ते ऐकून शेतमालक संशोधकाला दार उघडायचं थांबवतो. सुटा दात, झिजलेला मणका, यांची गोष्ट वेगळी. ते हजारोंनी आहेत आणि त्यांतून मुलं या विषयाकडे वळतात.

घरी कसं जपायचं?

कोरड्या जागी. डोर्सेटच्या नमुन्यांत पायराइट म्हणजे लोहगंधक असतं. हवेत दमटपणा साठ टक्क्यांच्या वर राहिला की ते कुजू लागतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि आम्ल हाडच खातं. सुरुवात ओळखता येते. भेगांत पांढरी-पिवळी पूड, डबा उघडला की काडेपेटीसारखा वास. मी मणके हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवते. मुंबई-कोकणातल्यांनी जून ते सप्टेंबर पुड्या दर पंधरवड्याला बदला. चिठ्ठीही त्याच डब्यात असते, म्हणून आम्लाने ती आधी जाते. तिची एक नक्कल वहीत हवीच.

मुलाच्या वाढदिवसाला पहिला नमुना कोणता द्यावा?

मोसासॉरचा एक सुटा दात, ठोकळ्याशिवाय, मुळाचा थोडा भाग असलेला. सोबत भिंग.

फोटो पाठवला तर सांगाल का?

सांगेन, जेवढं फोटोवरून कळतं तेवढं. खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅश नको. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा. चारही बाजू आणि मोडलेली बाजू जवळून. आणि निरोपाची पहिली ओळ ‘हा खरा आहे का’ ही नसावी. तो कुठून आला ते आधी लिहा.